सहकर्जदाराची सही

धायरी, पुणे
६ जुलै २००३

ती. बाबांस,
शि. सा. न.

वरचा पत्ता बघून तुम्ही चष्मा पुसाल, म्हणून आधीच सांगते, पत्ता बरोबर आहे. कसबा पेठेतलं दुर्गाआत्याचं घर मी परवा सोडलं. पळून आले नाही. बॅग भरली, आत्याच्या आणि काकांच्या पाया पडले आणि रिक्षा केली. रिक्षाचे सत्तर रुपये झाले. तुम्ही विचारणारच, म्हणून सांगून टाकलं.

फोन मुद्दाम केला नाही. तुम्ही शेजारी देशमुखांकडे फोन घ्यायला येता, त्यांचं सगळं घर कान देऊन बसतं, मग मी रडते आणि तुम्ही ओरडता. पत्रात दोघांनाही शेवटपर्यंत बोलता येतं.

आत्याकडे दोन वर्षं काढली. पण आता तिसरं वर्ष सुरू झालंय, आणि कॉलेजची कॉम्प्युटर लॅब आम्हाला मोकळी मिळते ती संध्याकाळी पाच ते आठ. आत्याचा नियम, दिवेलागणीला घरात. कॉलेजपासून पेठेत यायला दोन बस आणि सव्वा तास. म्हणजे लॅब रोज डोळ्यांनी बघायची आणि बस पकडायची. गेल्या वर्षी मी प्रोग्राम वहीत लिहून पास झाले, बाबा. पुढच्या वर्षी हिंजवडीच्या कंपन्या मुलं निवडायला कॉलेजात येतील. त्यांना वही दाखवून चालणार नाही.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. रावसाहेब काकांनी पेपरातून डोकं वर न काढता उत्तर दिलं, "राहा की खुशाल. आम्ही काय भाडं मागतोय? सकाळचा स्वयंपाक, रात्रीची भांडी आणि उलट उत्तर न देणं, एवढंच तर आहे." मी उलट उत्तर दिलं. तुम्ही दरवर्षी पाठवता ती तुरीची दोन पोती माझ्या ताटात येत नाहीत, काकांच्या दुकानात सुटी विकली जातात, हे सांगितलं. त्यानंतर राहणं शक्य नव्हतं.

इथे धायरीत, कॉलेजपासून एकाच बसवर, मुक्ताबाईंच्या घरी कॉट मिळाली आहे. एका खोलीत तिघी. कॉटचे पाचशे, डब्याचे साडेसातशे, बसचा पास आणि वरखर्च धरून महिना सतराशे. तुम्ही सातशे पाठवता. वरच्या हजाराचं मी काहीतरी बघते. तुम्हाला राग येईल हे माहीत आहे. राग आला तरी सातशे पाठवा.

आईला नमस्कार.

तुमची,
प्रियदर्शनी


दारव्हा
१५ जुलै २००३

चि. प्रियदर्शनी हिस अनेक आशीर्वाद.

गणिताच्या मास्तरची मुलगी आहेस, म्हणून गणितच मांडतो. दोन वर्षं तुझ्या राहण्याजेवणाचा खर्च शून्य होता. आता सतराशे आहे. शून्याचे सतराशे केलेस आणि त्याला तू पुढे जाणं म्हणतेस.

मी यवतमाळला डी.एड. केलं ते मामांच्या ओसरीवर झोपून. मामी देईल ते शिळंपाकं खाल्लं, विहिरीचं पाणी भरलं, आणि पहिल्या वर्गात पास झालो. मला कोणी कॉट दिली नव्हती. दुसऱ्याच्या घरी मान खाली घालून राहता येणं, हाही शिक्षणाचाच भाग असतो. त्या विषयात तू नापास झालीस.

तुझ्या आत्याचा फोन आला होता. चुलत का होईना, माझी बहीण आहे ती. डाळ विकली असेल तर विकली असेल. नात्यात पोती मोजत नाहीत.

आत्याकडे परत जा. तू तिथे पोचल्याचं पत्र आलं की सातशे पुन्हा सुरू होतील. तोवर नाहीत.

तुझी आई बरी आहे. आरोग्य केंद्रात माणसं कमी, त्यामुळे सध्या तिच्याकडे तीन गावं आहेत. सकाळी सातला लशींची पेटी घेऊन निघते ती दिवस कलताना येते.

हिंमतराव


धायरी, पुणे
२४ जुलै २००३

ती. बाबांस,
शि. सा. न.

मी परत गेले नाही आणि जाणारही नाही. मान खाली घालून राहिलं की समोरचं दिसत नाही, फक्त आपले पाय दिसतात.

तुमच्याकडे पैसेही मागत नाही. कॉलेजच्या फलकावर बँकेच्या शैक्षणिक कर्जाची माहिती लागली होती. मला वाटायचं कर्ज फक्त फीसाठी मिळतं. तसं नाही. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळ्यासाठी मिळतं. कॉलेजने खर्चाच्या अंदाजाचं पत्रही दिलं. इथल्या शाखेत गेले तर त्यांनी सांगितलं, पालक जिथे राहतात तिथल्या शाखेत अर्ज करा. म्हणून फॉर्म सोबत पाठवते. आपल्या बँकेत द्या.

दोन वर्षांचे पन्नास हजार. तारण नको, जामीनदार नको. शिक्षण संपल्यावर एका वर्षाने हप्ते सुरू. ते मी भरणार. चारही पानं मी भरली आहेत. तिसऱ्या पानावर एकच जागा रिकामी आहे. तिथे लिहिलंय, सहकर्जदार, आणि खाली पालकाची सही. माझ्या एकटीच्या नावावर बँक देत नाही.

गंमत बघा, बाबा. तुमच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हणून कर्ज घ्यायचं, आणि त्यालाही तुमचीच सही लागते. पण एकदाच लागते. दर महिन्याला हात पसरण्यापेक्षा ते बरं.

सही करा आणि पुढच्या आठवड्यात फॉर्म द्या. आईला नमस्कार.

प्रियदर्शनी


दारव्हा
९ ऑगस्ट २००३

चि. प्रियदर्शनी हिस आशीर्वाद.

फॉर्म मिळाला. कपाटात ठेवला आहे. बँकेत दिला जाणार नाही.

मुलीच्या नावावर कर्ज आमच्या घराण्यात कधी झालेलं नाही. तुला वाटतं हा प्रश्न तुझ्यात आणि बँकेत आहे. तसा तो नसतो. उद्या लग्न ठरताना मुलाकडचे पहिला प्रश्न विचारतील, हे फेडणार कोण, बाप की आम्ही? सोन्याची घासाघीस मी ऐकलेली आहे. कर्जाची ऐकायची नाही.

तो प्रश्न सुटेल असं एक स्थळही आलं आहे. अमरावतीचे लोक. मुलगा शुभंकर, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. राहायला पुण्यातच. लग्नानंतर शिकवायला तयार आहेत, तसं मध्यस्थांनी सांगितलं. म्हणजे कॉट नको, डबा नको, कर्ज नको. त्यांचा पत्ता खाली दिला आहे, म्हणजे घराणं कुठलं ते तुझ्या लक्षात येईल. परिचयपत्र लिहून फोटोसह माझ्याकडे पाठव.

हिंमतराव


धायरी, पुणे
२० ऑगस्ट २००३

ती. बाबांस,
शि. सा. न.

परिचयपत्र लिहिलं. तुम्ही पत्ता दिलाच होता, म्हणून तुमचा पोस्टाचा खर्च वाचवला आणि थेट अमरावतीला पाठवलं. जन्मतारीख, उंची, शिक्षण सगळं नीट लिहिलं. मागच्या वेळी तुम्ही वर्ण गव्हाळ लिहायला लावला होता. या वेळी सावळा लिहिला. शेवटी एक ओळ जास्त घातली. ती अशी:

"मुलगी राहण्याजेवणासाठी पन्नास हजार रुपये शैक्षणिक कर्ज घेणार आहे. फेडणार ती स्वतः. सासर किंवा माहेर, कुणीही काळजी करू नये."

त्यांचा पहिला प्रश्न तोच असेल असं तुम्ही म्हणालात. विचारायच्या आधी उत्तर मिळालं तर माणसं खूश होतात.

आता माझा एक प्रश्न. माझ्या खोलीत भाग्यश्री म्हणून लातूरची मुलगी आहे. तिच्या भावाच्या शिक्षणाला कर्ज मंजूर झालं तेव्हा त्यांच्या घरी पेढे वाटले. तेच कर्ज, तीच बँक, तोच फॉर्म. मुलाने घेतलं की पेढे आणि मुलीने घेतलं की डाग, हे कुठल्या गणितात बसतं? तुम्ही स्वतः सातवीच्या मुलींच्या घरोघर जाऊन आईबापांना सांगत फिरता की पोरीला शाळेतून काढू नका. मी तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसून ते ऐकलेलं आहे. त्या घरांत आपलं घर धरलेलं नव्हतं का?

लग्न म्हणजे कॉट आणि डब्याची सोय नाही, बाबा. फॉर्म कपाटातून काढा.

प्रियदर्शनी


दारव्हा
१४ सप्टेंबर २००३

प्रियदर्शनी,

अमरावतीकरांनी नकार कळवला. त्याआधी मला बोलावून घेतलं. मुलाच्या काकांनी तुझी शेवटची ओळ सात-आठ माणसांत मोठ्याने वाचली. लोक हसले. मला चहा दिला. मी तो प्यायलो आणि एसटीने परत आलो.

दिवाळीला ये. समोरासमोर बोलू.

हिंमतराव


धायरी, पुणे
५ ऑक्टोबर २००३

ती. बाबांस,
शि. सा. न.

तुम्हाला त्या लोकांसमोर बसावं लागलं याचं मला वाईट वाटलं. ओळ लिहिल्याचं वाटलं नाही. हसले ते लोक कर्जाला हसले नाहीत, मुलगी स्वतः फेडीन म्हणते याला हसले. अशा घरी मी गेले नाही हे बरंच झालं.

दिवाळीला मी येणार नाही. सिंहगड रोडवरच्या एका सायबर कॅफेत रविवारी काउंटरवर बसते, महिन्याचे सहाशे मिळतात. दिवाळीचे चार दिवस बसले तर दुप्पट देणार आहेत. शिवाय नोव्हेंबरच्या शेवटी परीक्षा आहे. पण खरं कारण हे नाही. मी आले की तुम्ही बोलणार नाही, आई पानात लाडू वाढत राहणार, आणि मी रिकाम्या हाताने परत येणार.

इकडची स्थिती ऐका. दोन महिन्यांचं भाडं थकलंय. एक वेळचा डबा मी बंद केला, हे आईला सांगू नका. मुक्ताबाई वाईट नाहीत, पण त्यांनी काल दारात उभं राहून स्पष्ट सांगितलं. "भाडं येळेवर हाय तोवर पोरगी गुणाची हाय. नोव्हेंबर सरला की कॉट दुसरीला. मग बापाला सांग न्यायला." मग कुठे जायचं? आत्याकडे गेले तर लॅब गेली, आणि लॅब गेली तर पुढच्या वर्षीची नोकरी गेली.

आणि लॅब मिळाल्यावर काय झालं तेही ऐका. गेल्या महिन्यात माझा प्रोग्राम एकदाही न अडकता चालला. पूर्ण वर्गात दोघांचाच चालला. सरांनी मला त्यांच्या प्रोजेक्टमध्ये घेतलं. तीन महिन्यांत मी जे शिकले ते मागच्या दोन वर्षांत शिकले नव्हते. हे मी सोडणार नाही. उपाशी राहीन, पण सोडणार नाही.

तेव्हा आता एकच करा. फॉर्मवर सही करा, नाहीतर मी शिकलेलं तुम्हाला नको आहे असं सरळ लिहा. तिसरं काही कारण असेल तर तेही लिहा. पण घराण्याच्या मानाचं कारण आता पुरे.

प्रियदर्शनी


दारव्हा
१६ ऑक्टोबर २००३

चि. प्रियदर्शनी हिस अनेक आशीर्वाद.

तिसरं कारण आहे.

आमच्या शाळेतले कचरू मास्तर तुला आठवत असतील. चार वर्षांपूर्वी त्यांनी घर बांधायला शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं. मी जामीन राहिलो. आमच्यात रीतच आहे, स्टाफरूममध्ये फॉर्म फिरतो, तू मला राहा, मी तुला राहतो. वाचतसुद्धा नाही कोणी. मास्तरांची बदली झाली, मग ते आजारपणाच्या रजेवर गेले, मग नोकरीच सोडली. हप्ते थांबले. संस्थेने माझा पगार कापायला सुरुवात केली, त्याला तीन वर्षं होत आली. ओरडणार कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. या जुलैपासून कपात वाढली. सातशे बंद करायला तुझं घर सोडणं हे निमित्त मिळालं. खरं म्हणजे ते उरतच नव्हते. तुला आत्याकडे ठेवलं तेही म्हणूनच. आमच्या घरात चूल पेटते ती तुझ्या आईच्या पगारावर.

फॉर्मवर माझी सही आहे. तो आला त्याच दिवशी केली होती. दुसऱ्या दिवशी अर्ध्या रजेवर बँकेत गेलो. मॅनेजर माणूस चांगला. त्याने फॉर्म पाहिला, पगाराचा दाखला पाहिला, आणि हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, तुमची सही नाही चालायची. दुसरं कुणी बघा." फॉर्म घडी करून परत आणला.

मुलीला कसं लिहू की बापाची सही चालत नाही? त्यापेक्षा बाप हट्टी आहे, जुन्या वळणाचा आहे, हे तुला वाटलेलं मला परवडलं. तुझी पत्रं वाचताना लाज वाटायची, आणि खरं सांगतो, अभिमानही वाटायचा. सायकलच्या दांड्याचं लिहिलंस ते वाचून मी वर्गात जाऊ शकलो नाही.

आता माझ्याकडे उपाय नाही. रागावून लिहिलंस तरी चालेल. पण दोन वेळा जेव.

बाबा


धायरी, पुणे
२९ ऑक्टोबर २००३

ती. बाबांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र मी कॅफेच्या काउंटरवर वाचलं आणि तिथेच रडले. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं नेट बंद पडलं.

राग अजून आहे. पगार कापला गेला याचा नाही, तीन वर्षं मला सांगितलं नाही याचा. मी इकडे तुमच्या हट्टाशी भांडत होते आणि तो हट्ट तुमच्याजवळ नव्हताच. माझे चार महिने वाया गेले, बाबा. तुम्ही जुलैतच लिहिलं असतं तर आपण दोघं मिळून बँकेशी भांडलो असतो.

पाडव्याला सकाळी, कॅफे उघडायच्या आधी, मी कसब्यात गेले. नाक मुठीत धरून गेले. काकांना म्हटलं, पालक म्हणून तुमची सही चालते का ते विचारू या, हप्ता मीच भरणार. काकांनी फराळाची बशी पुढे सरकवली आणि म्हणाले, "चिवडा घे. सही मागू नकोस. हात दाखवून अवलक्षण तुझ्या वडिलांनी करून झालंय, एका घराला एक पुरे." म्हणजे त्यांना माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं. चिवडा मी खाल्ला, कारण तो आपल्याच डाळीच्या पैशांचा होता.

आता नीट ऐका. कॉलेज मी सोडत नाही, कॉटही सोडत नाही. मुक्ताबाईंना पंधरा डिसेंबरपर्यंत थांबवलंय, त्यांच्या पुतणीला गणित शिकवायच्या बोलीवर. तुम्ही बँकेत पुन्हा जा आणि नक्की कुणाची सही चालते ते विचारून या. आपल्या जवळचं माणूस हवं. कायम नोकरी हवी. पगारातून काही कापलं जायला नको. असं माणूस आपल्यात मला तरी कुठे दिसत नाही, पण शोधू या. यवतमाळच्या मामांपासून सुरुवात करा.

प्रियदर्शनी


दारव्हा
९ नोव्हेंबर २००३

चि. दर्शूस आईचे अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर तुला ओळखू येणार नाही. लसीकरणाच्या रजिस्टरशिवाय मी कित्येक वर्षांत काही लिहिलेलं नाही.

तुझं शेवटचं पाकीट पोस्टमनने माझ्या हातात दिलं. तुझे बाबा शाळेत होते, म्हणून मीच फोडलं. एरवी तुझी पत्रं ते मला भाकरी थापताना वाचून दाखवायचे. मला वाटायचं पोरगी एवढं त्रोटक कसं लिहिते. खोली चांगली आहे, अभ्यास चालू आहे, आईला नमस्कार. कर्जाची सगळी पानं ते गाळत होते. मग मी कपाट उघडलं आणि जुलैपासूनची सगळी पत्रं वाचली. एक वेळ उपाशी राहतेस तेही वाचलं. पगार कापला जातो हे मला ठाऊक होतं, तुला सांगू नका असं मीच म्हटलं होतं, तो दोष माझाही आहे. पण फॉर्मचं मला कुणी सांगितलं नाही.

तू लिहिलंस, जवळचं माणूस, कायम नोकरी, पगार कापला जात नाही, असं कुठे दिसत नाही. ते मी तीनदा वाचलं. दर्शू, बावीस वर्षं झाली मला नोकरी लागून. तुझ्या जन्माच्या आधीपासून. तू चार महिने बापाशी भांडलीस, काकांच्या दारात गेलीस, यवतमाळच्या मामांपर्यंत पोचलीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ह्यांचं मी समजू शकते, त्यांना बायकोच्या सहीची सवय नाही. पासबुक त्यांच्याकडे, ते बोट ठेवतील तिथे मी सही करते. पण तू तर मान वर करून जगणारी. तुलाही मी सुचले नाही.

याचं मला फार लागलं. सांगून टाकते, नाहीतर मनात राहील.

गुरुवारी रजा टाकली. बाळंतपण-आजारपण सोडून लग्नानंतर टाकलेली पहिली रजा. ह्यांना म्हटलं, बँकेत चला. ते आले. मॅनेजरने ह्यांना बघून मान हलवली, मग मला म्हणाला, "सिस्टर, साहेबांची सही चालणार नाही, मी त्यांना सांगितलंय." मी म्हटलं, "साहेबांची नाही, माझी घ्या." तो म्हणाला, फॉर्मवर वडिलांचं नाव आहे. मी म्हटलं, फॉर्मवर पालक छापलंय, वडील पोरीने पेनने लिहिलंय. त्याने नियमांचं पुस्तक काढलं, पानं उलटली, आत जाऊन कुणाला तरी फोन केला. मग म्हणाला, घरात एक पगार कापला जातोय, दुसराही अडकेल. मी म्हटलं, "माझ्या पगारावर कुणाचा हप्ता नाही. मी कुणाला जामीन राहिलेली नाही. ही माझी मुलगी आहे, हिला राहणार." मी बोलत असताना तुझे बाबा बाहेर बाकावर माझी पिशवी धरून बसले होते. मध्ये एकदा आत डोकावले, तर मॅनेजरच म्हणाला, गुरुजी, दोन मिनिटं बसा.

नवा फॉर्म भरला. फॉर्म आणि सोबतचे कागद मिळून तीन पानांवर माझ्या सह्या झाल्या. कुठे करायच्या ते मी स्वतः वाचून केल्या. तुझी सही राहिली आहे, तो फॉर्म सोबत पाठवते, लगेच परत पाठव. मंजुरी महिनाअखेरीस येईल असं म्हणाला. तोवर दोन हजारांची मनीऑर्डर केली आहे. मुक्ताबाईंचं भाडं दे आणि दोन्ही वेळचा डबा सुरू कर. पासबुक आता माझ्या पिशवीत असतं. संध्याकाळी तुझ्या बाबांनी चहा केला, साखर जास्त पडली.

पुढचं पत्र माझ्या नावाने टाक. श्रीमती प्रेमला इंगोले, आरोग्यसेविका, एवढंच लिहिलंस तरी पोचेल. तुझ्या बाबांना मी वाचून दाखवीन.

तुझी आई,
प्रेमला